तेराव्याचं सूप

तेराव्याची शेवटची पंगत उठली. खरकटं काढून केसर मागच्या पडवीत आली आणि हात धुता धुता थांबली. पाटाला पाणी नव्हतं.

तिचे आबा, येसाजी, गेले त्या दिवशीसुद्धा राहाट बंद पडला नव्हता. इकडे अंगणात बांबू बांधले जात होते आणि तिकडे वाडीतला गडी काळूराम डोळे पुसत बैल हाकत होता. ‘झाडाला सुतक नसतं,’ एवढंच तो म्हणाला होता. फाल्गुन लागला की दिवेआगरच्या पोफळींना एक दिवसाआड पाणी द्यावंच लागतं. चार शिंपणी चुकली तर शेंडा मान टाकतो, आणि एक उन्हाळा चुकला तर तीन पिढ्यांनी वाढवलेली वाडी सरपणाला जाते. आज तेरावा म्हणून बैल सोडले होते. एका दिवसानं काही बिघडत नव्हतं. पण आबा नसलेलं घर कसं असतं, ते केसरला त्या बंद राहाटानं दाखवलं. गेले बारा दिवस तिला वाटत होतं, की ते वाडीतच कुठंतरी आहेत.

ओटीवरून गुणाजीकाकांचा आवाज आला. “अंबाजी, पाहुणे पांगायच्या आत वाडीचं काय ते ठरव. तू परवा मुंबईला जाणार. मग इथं कोण? ही दोन बायकामाणसं?”

काका आबांचे धाकटे भाऊ. ज्या वर्षी ते वेगळे निघाले त्या वर्षी मधल्या वईच्या कुंपणावरून दोघा भावांत जे झालं, ते गावाला अजून आठवत होतं. पण गेले तेरा दिवस काका या घरातून हलले नव्हते. खांदा त्यांनी दिला, पाहुण्यांच्या घोंगड्या त्यांनी घातल्या. त्यांचं बोलणं आता उडवून लावता येत नव्हतं.

“खंडानं देऊन टाक,” काका म्हणाले. “सुपारीला कुत्रं विचारत नाही. चार वर्षं झाली, व्यापारी गलबत पाठवायला तयार नाहीत. आणि आमच्या दादानं काय केलं? गडी कमी करायचे सोडून समुद्राकाठी दगडांचा गडगा घातला! पावसाळ्यात पडायचा, दसऱ्यानंतर पुन्हा रचायचा. दिवेआगरात लोक हसायचे. म्हणायचे, येसाजी दर्याला वेसण घालतोय.”

“हसू देत,” केसर दारातून म्हणाली. “गडी टिकले ना?”

“टिकले! उद्या पहाटे बोर्ली पंचतनातून मुकादमाच्या गाड्या निघतायत, ठाऊक आहे? घाटात रस्त्याचं काम निघालंय. विठोबा नाव देऊन आलाय. काळूरामही जाणार म्हणतात. आता बस वाडी धरून.”

केसरनं भावाकडं पाहिलं. मुंडण केलेलं डोकं, त्यावर सकाळी रेवदंड्याच्या मामांनी बांधलेलं पागोटं. ते त्याला मोठं होत होतं. तो मुंबईत गिरणीच्या कचेरीत कारकून होता. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, आणि या तेरा दिवसांत तिच्याहून म्हातारा दिसायला लागलेला. पहिल्या आठवड्यात तो आईच्या बाजूनं होता. वाडी आपणच करायची म्हणत होता. मग रोज रात्री काकांशेजारी अंथरूण पडायला लागलं, आणि बोलण्यात ‘परवडत नाही’ हा शब्द यायला लागला.

“मी ठरवलंय, अक्का,” तो म्हणाला. “खंडानं द्यायची नाही. पण गडगाबिडगा बंद. खोटं काम सांगून माणसांना राबवणं मला जमणार नाही. मी त्यांना खरं काय ते सांगणार आहे.”

“आज?”

“आजच. आमच्या गिरणीत निम्मे माग बंद झाले, तेव्हा कुणी सांगितलंसुद्धा नाही. माणसं डबा घेऊन आली आणि फाटकावरची पाटी वाचून परत गेली. मी खिडकीतून बघत होतो. तसं माझ्या दारात नको.”

त्याचा आवाज थोडा हलला. केसरला वाटलं, हा बरोबर बोलतोय. नंतर कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहिलं, की त्या वेळी तिलाही ते बरोबरच वाटलं होतं.

*

उन्हं कलल्यावर गडी ओटीपुढच्या खळ्यात आले. काळूराम पुढं, त्याच्यामागं विठोबा, मग पोफळींची आळी साफ करणाऱ्या बायका आणि त्यांच्यात काळूरामाची बायको भागुबाई. ओटीच्या पायरीपाशी आबांच्या वहाणा अजून तशाच होत्या. त्या कुणी उचलल्या नव्हत्या. येणारा प्रत्येक जण त्यांना वळसा घालून खळ्यात बसला.

अंबाजी उभा राहिला. पागोटं काढून त्यानं खांबाच्या खुंटीला अडकवलं होतं.

“आबांनी तुम्हांला कधी घरी बसवलं नाही,” तो म्हणाला. “मला तेवढं जमेल असं वाटत नाही, म्हणून आधीच सांगतो. शिंपणं चालू राहील. त्याला लागतील तेवढ्यांना काम मिळेल. पण गडगा आता नाही. तो कशासाठी होता ते तुम्हांलाही ठाऊक आहे आणि मलाही. ज्याला मुकादमाबरोबर जायचंय त्यानं खुशाल जावं, माझा राग नाही. जो राहील, त्याच्या घरी बिनकामाच्या दिवसातसुद्धा भात पोचेल. कोठारात आहे तोवर. काम नाही म्हणून कुणाची चूल बंद राहणार नाही.”

काळूराम जमिनीकडं पाहत होता, पण त्याचे खांदे सैल झालेले केसरला दिसले. विठोबानंसुद्धा कानावरची विडी काढून हातात घेतली. आता बोलणं ऐकायला हरकत नाही, असं त्याचं तोंड झालं.

आणि मग अंबाजीला वाटलं, नुसत्या शब्दांवर माणसं कसा विश्वास ठेवतील? तो वळला. ओटीच्या कडेला सुपं मांडलेली होती. सकाळी जोशीबुवांना शिधा दिला, दारात आलेल्या गोसाव्यांना दिला, तीच सुपं. त्यानं एक उचललं, शेजारच्या कणगीतलं भात त्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी काळूरामापुढं धरलं.

“घे. आजपासूनच.”

केसर पुढं झाली, पण उशीर झाला होता.

काळूराम उठून दोन पावलं मागं सरला. हात जोडलेले, पण पुढं न आलेले. “सूप खाली ठिवा, दादा,” तो हळू म्हणाला.

“अरे, घे. तुझ्या हक्काचं आहे.”

“हक्काचं?” भागुबाई उभी राहिली. “दादानु, आबा गेलं तवापासनं माज्या डोक्याला त्याल न्हाय. ह्यानं धाव्या दिसाला तुमच्याबरुबर डोकं भादरलं, तुमीच शेजारी बसला हुता. तेरा दिस तो माडावर चढला न्हाय. सुतक धरलं आमी. आन आज जोशाच्या मागनं, गोसाव्याच्या मागनं, मेल्या मानसाच्या नावाचं सूप आमच्या पदरात?”

“तसं नाही गो—”

“मंग कसं?”

“भागे, गप,” काळूराम म्हणाला. पण तो अंबाजीकडं पाहत नव्हता. तो आबांच्या वहाणांकडं पाहत होता. मग तो वळला आणि खळ्याबाहेर गेला. एकामागून एक सगळे गेले. जाताना विठोबा विडी पुन्हा कानावर ठेवत म्हणाला, “धर्माचं खायचं तर पंढरी मोठी हाय, दादा. आमी रस्त्याची खडी फोडू.”

अंबाजी सूप धरून तसाच उभा राहिला.

“माजलेत,” काका म्हणाले. “हातात आयतं आलं तर नको.”

“मी काय चुकलो, अक्का? कमी दिलं का?”

“कमी नाही दिलंस.” केसरनं त्याच्या हातातून सूप काढून घेतलं. भात सांडू नये म्हणून तिनं ते पोटाशी धरलं. “आज कोणता दिवस आणि हे कोणतं सूप, एवढं तरी बघायचंस रे. सुतक धरणारा माणूस शिधा देतो. घेतो तो परका. तू भर खळ्यात त्यांना परकं केलंस.”

अंबाजी पायरीवर बसला. “माझ्या ध्यानातच आलं नाही,” तो म्हणाला. “मुंबईत राहून...” आतून आईचा आवाज आला. सोनाबाई तेरा दिवसांत मोजकंच बोलल्या होत्या.

“सूप आत घ्या. तिन्हीसांज होत आली, भात उघड्यावर नको.”

*

केसर वाडीतून निघाली. गड्यांची घरं वाडीच्या दुसऱ्या टोकाला होती, केवड्याच्या बनाअलीकडं. कोरड्या पाटाच्या कडेनं चालताना तिला आबांची चाल आठवली. ते चालता चालता प्रत्येक पोफळीला हात लावायचे, गर्दीतून जाणारा माणूस ओळखीच्यांच्या खांद्यांना लावतो तसा. वैधव्य घेऊन ती माहेरी परतली, त्या दिवशी आबा तिच्याशी काहीच बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, ‘पूर्वेच्या पाटाकडं तू बघत जा. मला दोन्हीकडं होत नाही.’ त्यांना होत होतं. पण ती त्या पाटाच्या आधारानं वर्षं काढू शकली.

बनाच्या पलीकडं गडगा दिसला. जांभ्या दगडांचा, कमरेएवढा, मधे ढासळलेला. त्याच्या एका टोकाला एक सपाट दगड होता. त्यावर आबा बसायचे. केसरनं तिकडं पाहायचं टाळलं.

काळूराम अंगणात गाठोडं बांधत होता. तिला पाहून त्यानं गाठ अर्धवट सोडली. भागुबाईनं चुलीपुढून मान वर केली, पण ‘या’ म्हणाली नाही. विठोबा कुडाला टेकून बसला होता.

“पाणी देशील का, भागुबाय?” केसर म्हणाली आणि अंगणातच बसली.

भागुबाईनं तांब्या आणून ठेवला. “समजावाया आला असाल तर दमलाव आमी.”

“मीपण दमलेय,” केसर म्हणाली.

मग विठोबाच खाकरला. “गडगा काय हाय ते आमाला म्हायती, म्हनं दादा. म्हायती न्हवतं व्हय! आबा दर्या अडवाया निघालं तवा आमी पोट धरून हसलाव. मीच म्हनलो, आबा, लाटंला जरा हळू या म्हनून सांगा. तर आबा म्हनाले, सांगितलंय, पन ती विठोबासारखी हाय, ऐकत न्हाय.”

काळूरामाच्या ओठांवर क्षणभर हसू आलं नि गेलं.

“पन बाय,” विठोबा पुढं म्हणाला, “त्या गडग्यावरनं घरला येताना पाठ दुखायची. पाठ दुखली का भाकर घशाखाली उतरती. बसून खाल्ली तर ती हितंच ऱ्हाती.” त्यानं गळ्यापाशी हात लावला. “मंग रस्ता काय वाईट?”

“वाईट नाही,” केसर म्हणाली. “माझा भाऊ चुकला. त्याला दिवसाचं भान राहिलं नाही. पण मी ते सांगायला आले नाही.” आता जे बोलायचं ते कसं बोलायचं, हे तिनं वाटेत ठरवलं नव्हतं. “आईनं तेरा दिवस भाताला हात लावलेला नाही. पेजेच्या पाण्यावर आहे. आज रेवदंड्याच्या मामांनी दुखवटा आणला. लुगडं आणलं, तोंड गोड करायला घास दिला. तो तिनं पानाच्या कडेला ठेवला. माझ्या सासरचे आले, त्यांचाही ठेवला. मी वाट बघत होते, की तुमच्याकडून काही येईल.”

चुलीपुढं भागुबाई ताठ झाली.

“आलं हुतं,” ती म्हणाली.

“काय?”

“सकाळी गुळाचा भात शिजवला, नारळ घालून. आन ह्यानं नि विठोबानं मिळून पंचा आणला, लाल काठाचा, दादांच्या डोक्याला बांधाया. फाटकापाशी तुमचं काका हुतं. म्हनाले, अगो, तुमी कशाला खर्चात पडता, जा, पोरांना खाऊ घाल. बरं बोललं, वाईट न्हाय बोललं. पन परत धाडलं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “येका दिसात दोनदा, बाय. सकाळी आमचं घेतलं न्हाय. दुपारी मेल्याचं द्याया लागलं.”

केसरला हे ठाऊक नव्हतं. काका वाईट नव्हते, अंबाजी वाईट नव्हता. दोघांनीही या माणसांची कीवच केली होती.

“तो भात आहे का?” तिनं विचारलं.

“पोरांनी खाल्ला. थोडा हाय.”

“मग तो घेऊन चल. मी मागायला आलेय.”

काळूराम प्रथमच बोलला. “बाय, खरं सांगा. दुखवटा आणला म्हंजे म्या ऱ्हायलो, असं धरनार तुमी?”

त्याच्या गाठोड्याची अर्धवट गाठ तिच्यासमोर होती. हो म्हटलं असतं, तर कदाचित तो राहिलाही असता. तो तसा माणूस होता. आणि तो गेला तर वाडी जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नवे गडी आणले तरी त्या बैलांना, त्या पाटांना, प्रत्येक आळ्याच्या तहानेला कोण ओळखणार होतं?

“नाही,” ती म्हणाली. “दुखवटा आबांचा. तो आण, आणि पहाटे जायचं तर जा. मी अडवणार नाही.”

*

दिवेलागणीला ते आले. काका ओटीवर सुपारी कातरत बसले होते. भागुबाईच्या हातातलं झाकलेलं पातेलं पाहून ते उठले. “अगो, सकाळीच नाही का सांगितलं—”

“काका, वाट द्या,” केसर म्हणाली.

ती काकांशी या स्वरात कधी बोलली नव्हती. काकांनी तिच्याकडं पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या काळूरामाच्या हातातल्या पंचाकडं पाहिलं. अडकित्ता मिटून ते बाजूला झाले. थोड्या वेळानं, कुणी सांगितलं नसताना, त्यांनीच आत जाऊन पाट मांडला.

सोनाबाई माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. भागुबाई त्यांच्यासमोर बसली. पातेल्यातला गार झालेला भात तिनं बोटांनी सारखा केला.

“वयनी, तोंड उघडा.”

“नको गो.”

“नको कसं? माजी सासू गेली तवा तुमी आमच्या अंगनात येऊन मला घास घातला. म्या थुकला का? तवा न्हाय विचारलं, का भागे, भूक हाय का. उघडा.”

सोनाबाईंनी तोंड उघडलं. घास तोंडात तसाच राहिला, गाल हलेना. मग त्या चावायला लागल्या आणि चावता चावता रडायला लागल्या. तेरा दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं. भागुबाई दुसरा घास हातात धरून थांबली. “व्हय व्हय,” ती म्हणत राहिली, “खा. रडत रडत खा. तसंच खायाचं असतं.”

बाहेर अंबाजी काळूरामापुढं मान खाली घालून बसला होता. काळूरामानं खुंटीवरच्या पागोट्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं पंचाची घडी मोडली आणि अंबाजीच्या मुंडलेल्या डोक्याभोवती गुंडाळली. स्वतःचं डोकंही तसंच उघडं, खुंट उगवत असलेलं.

“दुपारचं...” अंबाजी म्हणाला.

“ऱ्हाऊ द्या.” काळूरामानं पंचाचं टोक आत खोचलं. “मान हालवू नका.”

“काळू, मला ह्यातलं काही येत नाही. आबांसारखं बोलता येत नाही.”

“आबा तरी कुठं बोलायचं.”

“गडगा कुठून सुरू करायचा असतो?”

काळूराम राहतो म्हणाला नाही, जातो म्हणाला नाही. पायरीवरून उतरताना त्यानं आबांच्या वहाणा उचलल्या, त्यांवरची धूळ हातानं झाडली आणि आत, दाराआड नेऊन ठेवल्या. मग तो गेला.

*

पहाटे केसर जागीच होती. शेजारी आई पडली होती, तीही जागी. अंधारात वाटेवरून पावलं गेली. कुणीतरी खाकरलं, तो विठोबा, हे तिला ओळखू आलं. पावलं बोर्लीच्या दिशेनं निघून गेली. किती माणसं होती ते कळलं नाही.

ती छताकडं पाहत राहिली. कोंबडा आरवला. मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

आणि मग वाडीतून लाकूड करकरलं. पहिल्यांदा अडखळत, एका दिवसाच्या विश्रांतीनं आखडल्यासारखं, मग सलग. लोटे वर येऊन दोणीत रिते होऊ लागले.

“कोण हाकतंय?” आईनं विचारलं.

केसर कान देऊन ऐकत होती. काळूराम राहाट हाकताना गायचा. त्याच्या आवाजानं गावाची पहाट व्हायची. त्यावरून आबा त्याची थट्टा करायचे. सुतकाचे दिवस तो मुक्यानंच हाकत होता, पण सुतक काल फिटलं. आज राहाट होता, बैलांच्या पायांचा आवाज होता, गाणं नव्हतं. म्हणजे दुसरं कुणी? अंबाजी तर नसेल? तिनं मान वळवून उघड्या दारातून पाहिलं. अंबाजी ओटीवर उठून बसला होता, डोक्याला पंचा तसाच.

“कळत नाही,” ती म्हणाली. “गात नाहीये.”

सोनाबाई कुशीवर वळल्या. आवाज दमलेला होता, पण त्यात शंका नव्हती.

“काळूरामच तो,” त्या म्हणाल्या. “वर्ष होईस्तोवर कसा गाईल?”